‘पिशवी’बरोबर आणखी काय गेले, याची नोंद ठेवा

प्रति,
माननीय मंत्री आणि प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच राज्यातील सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ

विषय : गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत काढले जाणारे अंडाशय, त्यामुळे थांबणारे इस्ट्रोजेन आणि त्याचा मेंदूतील दाहाशी असलेला संबंध

महोदय, महोदया,

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीच्या कामातून ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती गोळा झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे उघड झाले. म्हणजे जवळपास दर सहा जणींमागे एक. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ३.३ टक्के स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झालेली आहे, हे शेजारी ठेवले की बीडच्या आकड्याचे वजन लक्षात येते. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की दिवसाला पाचशे रुपये कापले जातात, उचल फेडल्याशिवाय फड सोडता येत नाही, आणि अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या तिशीतल्या बाईला ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाते, या सगळ्याची तेव्हा चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

त्या चर्चेत जे आले नाही, ते या पत्रात मांडायचे आहे. १३,८६१ हा आकडा गर्भाशयांचा आहे. त्यांतल्या किती जणींचे अंडाशयही त्याच वेळी काढले गेले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गर्भाशय गेले की पाळी जाते. दोन्ही अंडाशय गेले की रक्तातील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा मुख्य झरा काही दिवसांत आटतो, आणि मेंदूतला दाह आवरून धरणारी एक यंत्रणा त्याच्याबरोबर दुबळी होते. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झालेली अध्यापिका आहे; शस्त्रक्रिया माझा विषय नाही, हे आधीच मान्य करते. पण काढून टाकलेला अवयव शरीरात काय काम करत होता, हे विचारणे हाच माझ्या विषयाचा धंदा आहे.

आपल्या बोलीतला ‘पिशवी’ हा शब्द या गोंधळात मोठा भागीदार आहे. ‘पिशवी काढली’ असे बाई सांगते, तिची सासू सांगते, आणि कित्येकदा डॉक्टरही नातेवाइकांना तेवढेच सांगतात. गर्भाशय, गर्भनलिका, अंडाशय हे सारे त्या एका पिशवीत कोंबले जाते. निवृत्तीनंतर मराठवाड्यातल्या एका आरोग्य शिबिरात माझ्यासमोर बसलेल्या चौतीस वर्षांच्या ऊसतोड बाईची तक्रार अशी होती की, रात्री अंगाला घाम फुटून जाग येते आणि दिवसा ‘काही ध्यानातच ऱ्हात नाही’. पूर्वी नवऱ्याच्या आणि स्वतःच्या मोळ्यांचा हिशेब ती तोंडी ठेवत असे, आता मुकादम सांगेल तो आकडा खरा मानावा लागतो. तिने कापडी पिशवीतून काढून दिलेल्या डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेच्या रकान्यात ‘टीएएच’ एवढीच अक्षरे होती. पोट उघडून गर्भाशय काढले, असा त्याचा अर्थ. त्यापुढे ‘बीएसओ’ ही आणखी तीन अक्षरे असती, तर दोन्ही बाजूंच्या नलिका आणि अंडाशय काढले, असे समजले असते. ती लिहायची राहून गेली होती, की अंडाशय खरोखरच जागेवर होते, हे त्या कागदावरून ठरवण्याची सोय नव्हती. तिला स्वतःला ‘पिशवी काढली’ यापलीकडे काहीच सांगितलेले नव्हते.

या अक्षरांना मी एवढे महत्त्व का देते, ते समजण्यासाठी मेंदूत काय चालते ते थोडे विस्ताराने सांगावे लागेल.

‘मेंदूतला दाह’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मेंदूज्वर येतो : ताप, उलट्या, मान ताठणे. इथे अभिप्रेत असलेला दाह तसा नाही. तो मंद, दीर्घकाळ चालणारा आणि बाहेरून न दिसणारा असतो. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, ज्यांचे वर्णन स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली केले. मेंदूची रोगप्रतिकारक गस्त याच पेशी घालतात. विश्रांतीतही त्या आपले बारीक फाटे सतत हलवत आसपासच्या चेतापेशींची चाचपणी करत असतात. मेलेला कचरा उचलतात, निकामी झालेली जोडणी काढून टाकतात, जंतू आला तर त्याच्यावर धावून जातात. धावून जाताना त्या टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ अशी दाहकारक रसायने सोडतात. संकट टळल्यावर त्यांनी शांत व्हावे, अशी अपेक्षा असते. त्या शांत झाल्या नाहीत, तर ज्या रसायनांनी जंतू मारायचा त्यांचाच मार शेजारच्या चेतापेशींना बसू लागतो.

या पेशींना भडकवणारी कळ पेशीच्या आत असते. एनएफ-कप्पा-बी नावाचा प्रथिनांचा गट एरवी पेशीद्रवात दुसऱ्या एका प्रथिनाने बांधून ठेवलेला असतो. धोक्याचा इशारा आला की तो सुटतो, पेशीकेंद्रात शिरतो आणि दाहाची जनुके चालू करतो. मिलान येथील आद्रियाना मॅजी यांच्या गटाने २००५ साली दाखवून दिले की, इस्ट्राडायोल, म्हणजे अंडाशयातून येणारे प्रमुख इस्ट्रोजेन, आपल्या अल्फा ग्राहकाला, म्हणजे पेशीतल्या संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटते आणि एनएफ-कप्पा-बीचा पेशीकेंद्राकडचा प्रवासच अडवते. प्रथिन सुटते, पण दारापर्यंत पोहोचत नाही. इस्ट्रोजेनचे काम ‘प्रजननाचे’ एवढेच समजणाऱ्या माझ्या पिढीच्या शिक्षकांना हे वाचून आपल्या नोट्स बदलाव्या लागल्या होत्या.

मायक्रोग्लिया हा या गोष्टीचा एकच भाग. मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या तारकाकृती पेशींवरही इस्ट्रोजेनचे ग्राहक असतात, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील ऱ्होंडा व्हॉस्कूल यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या कामातून असे दिसले की, ॲस्ट्रोसाइटमधला अल्फा ग्राहक काढून टाकला तर इस्ट्रोजेनने मिळणारे संरक्षण नाहीसे होते. इस्ट्रोजेनचा बीटा ग्राहक १९९६ साली सापडला. तोही मेंदूत आहे. याशिवाय मेंदू स्वतःही थोडे इस्ट्रोजेन बनवतो. ॲरोमटेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्राडायोल तयार करते, आणि मेंदूला इजा झाली की एरवी हे विकर न बनवणाऱ्या ॲस्ट्रोसाइट जखमेभोवती ते बनवू लागतात. जखमेवर शरीर स्वतःच्या हाताने जे औषध लावते, त्याचा कच्चा माल कुठून येतो, हे मात्र विसरून चालणार नाही. अंडाशय इस्ट्रोजेनबरोबर टेस्टोस्टेरॉनही पुरवतात. दोन्ही अंडाशय काढल्यावर टेस्टोस्टेरॉनचे प्रमाणही साधारण निम्म्यावर येते, म्हणजे मेंदूच्या घरगुती कारखान्याचा कच्चा मालही कमी पडतो. उंदीर-घुशींचे अंडाशय काढल्यावर त्यांच्या मेंदूतील मायक्रोग्लिया अधिक चिडक्या होतात, आणि वेळेत इस्ट्राडायोल दिले तर ती चिडचिड कमी होते, हे अनेक प्रयोगशाळांत दिसलेले आहे.

प्राण्यांवरून थेट माणसांवर उडी मारू नये, हे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आले. म्हणून माणसांतला एक पुरावा इथे नोंदवते, जो मला सगळ्यात बोलका वाटतो. मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजारात शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणावर हल्ला करते, आणि मेंदूतला दाह त्यात झटक्यांच्या रूपाने उघड दिसतो. युरोपातील १२ देशांतल्या २५४ स्त्रियांची गरोदरपणात व नंतर पाहणी करून १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदर राहण्यापूर्वी दर वर्षी सरासरी ०.७ असलेले झटक्यांचे प्रमाण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ०.२ वर आले आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत १.२ वर उसळले. शेवटच्या तिमाहीत इस्ट्रोजेन, विशेषतः इस्ट्रिऑल हा त्याचा प्रकार, कळसाला असतो. वार पडली की तो कोसळतो. गरोदरपणात इतरही अनेक बदल होतात, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या इस्ट्रोजेनला देता येणार नाही. तरीही याच धाग्यावरून व्हॉस्कूल यांनी नेहमीच्या औषधासोबत इस्ट्रिऑलच्या गोळ्या देऊन चाचणी घेतली, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या वर्षी झटके कमी झाल्याचे दिसले, दुसऱ्या वर्षअखेर हा फरक बराच पुसट झाला. मेंदूच्या दाहाशी इस्ट्रोजेनचे नाते खरे आहे, पण ते सरळ रेषेत चालणारे नाही, एवढे यातून घ्यावे.

सरळ रेषेत ते नाहीच. ल्युपस हा दाहकारक आजार पुरुषांच्या जवळपास नऊपट स्त्रियांत आढळतो आणि इस्ट्रोजेन प्रतिपिंडे वाढवण्यास हातभार लावते. मात्रा किती, कोणत्या पेशीवर, कोणत्या वयात, यावर त्याचा परिणाम पालटतो. म्हणूनच या पत्रातून मी कोणालाही ‘इस्ट्रोजेन म्हणजे मेंदूचे टॉनिक’ असे सुचवत नाही, आणि तसे विकणाऱ्यांपासून आपण लोकांना सावध करावे, असेही म्हणेन.

आता अंडाशय काढलेल्या स्त्रियांकडे वळते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. वॉल्टर रोक्का आणि सहकाऱ्यांनी मिनेसोटातील ओल्मस्टेड काउंटीमध्ये १९५० ते १९८७ या काळात रजोनिवृत्तीपूर्वी अंडाशय काढलेल्या स्त्रियांचा मागोवा घेतला : एक अंडाशय काढलेल्या ८१३, दोन्ही काढलेल्या ६७६, आणि तुलनेसाठी १,४७२ स्त्रिया. २००७ साली त्यांनी नोंदवले की, अंडाशय काढलेल्यांत बौद्धिक ऱ्हास किंवा स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दीडपट होता, आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे वय जितके कमी तितका धोका जास्त होता. दोन्ही अंडाशय काढल्यानंतर किमान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतलेल्या स्त्रियांत मात्र हा वाढीव धोका आढळला नाही. २०१४ साली शिकागोच्या रश विद्यापीठाच्या अभ्यासगटांतील माहितीवरून असेही दिसले की, शस्त्रक्रियेमुळे कमी वयात रजोनिवृत्ती आलेल्यांची स्मरणशक्ती उतारवयात अधिक वेगाने घसरली आणि मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत अल्झायमरच्या खुणा अधिक होत्या. हे अभ्यास निरीक्षणावर आधारलेले आहेत. दाहामुळेच हा ऱ्हास झाला, असे ते सिद्ध करत नाहीत. रक्तवाहिन्या, हाडे, झोप, मनःस्थिती या सगळ्यांवर इस्ट्रोजेनचा हात असतो आणि हे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. पण प्रयोगशाळेतील यंत्रणा आणि लोकसंख्येतील निरीक्षण एकाच दिशेला बोट दाखवत असताना ‘पुरावा अपुरा आहे’ असे म्हणून डिस्चार्ज कार्डावरची तीन अक्षरे वाचवण्यात शहाणपण नाही.

वेळेचा मुद्दा इथे येतो, आणि माझ्या पत्राची घाई त्यामुळेच आहे. फिलिस वाइज यांच्या प्रयोगशाळेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांचे अंडाशय काढून काहींना लगेच इस्ट्राडायोल दिले, तर काहींना दहा आठवडे थांबून. नंतर दोन्ही गटांत पक्षाघातासारखी इजा घडवली. लगेच दिलेल्यांत मेंदूची हानी कमी झाली आणि दाहही आटोक्यात राहिला. उशिरा दिलेल्यांत दोन्ही फायदे नाहीसे झाले होते. इस्ट्रोजेनशिवाय बराच काळ राहिलेला मेंदू पुढे ते मिळाले तरी पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही, असा याचा अर्थ लावला जातो. कोरड्या पडलेल्या रानाला अवकाळी पाऊस जसा उपयोगाचा नसतो, तसे काहीसे.

माणसांतही याला जुळणारे चित्र आहे. अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या स्मृतीविषयक अभ्यासात ६५ वर्षांवरील ४,५३२ स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन संप्रेरकांची जोडगोळी किंवा नुसती साखरेची गोळी देण्यात आली. २००३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षात औषध घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे रुग्ण ४० आणि न घेतलेल्यांत २१ होते. धोका जवळपास दुप्पट. त्याउलट रजोनिवृत्ती होऊन तीन वर्षांहून अधिक काळ न झालेल्या स्त्रियांना औषध देऊन २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत बुद्धीवर ना फायदा दिसला, ना तोटा. डेन्मार्कमधल्या २०२३ च्या नोंदणी-अभ्यासाने जोडगोळी घेणाऱ्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांत धोका वाढल्याचे नोंदवून पुन्हा काळजी निर्माण केली. हे सगळे वाचून आपले बरेच डॉक्टर हार्मोनचे नाव काढले की हात आखडता घेतात, आणि पन्नाशी-साठीतल्या, नैसर्गिकरीत्या पाळी गेलेल्या बाईच्या बाबतीत ती सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण चौतिसाव्या वर्षी अंडाशय गमावलेल्या बाईला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे चूक आहे. तिला आपण काही जास्तीचे देत नसतो. तिच्या वयाच्या इतर बायकांच्या शरीरात जे आपोआप आहे, ते तिला परत करत असतो. भारतात नैसर्गिक रजोनिवृत्ती साधारण ४६-४७ व्या वर्षी येते. या बाईच्या वाट्याला इस्ट्रोजेनशिवायची बारा-तेरा वर्षे जास्त येतात, आणि तीही टप्प्याटप्प्याने नाही, तर ऑपरेशन टेबलावरून उठल्यावर आठवडाभरात.

आणखी एक गोष्ट अनेकदा निसटते. गर्भाशय नसलेल्या स्त्रीला प्रोजेस्टिनची गरज पडत नाही, कारण ते गर्भाशयाच्या अस्तराला जपण्यासाठी असते. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्याच दुसऱ्या शाखेत गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन किंवा साखरेची गोळी दिली होती. त्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले नाही, दीर्घ पाठपुराव्यात तर ते कमी आढळले. पक्षाघाताचा धोका मात्र तिथेही वाढला होता, आणि रक्ताच्या गाठी, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांना ही गोळी देता येत नाही. म्हणजे तपासून, माणूस पाहून, देखरेखीखाली द्यायचे औषध आहे. तपासायला बाई समोर यावी लागते, आणि अंडाशय गेले आहेत हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते.

स्त्रीरोगतज्ज्ञांना थेट काही म्हणायचे आहे. पोट उघडलेच आहे तर अंडाशयही काढून टाकू, पुढे कर्करोगाची कटकट नको, हा विचार तुमच्या शिक्षणात रुजवला गेला होता, आणि तो वाईट हेतूने आलेला नव्हता, हे मला माहीत आहे. स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातील दोष किंवा कुटुंबात अंडाशयाच्या कर्करोगाचा ठळक इतिहास असेल, तर तो निर्णय योग्यच ठरतो. पण सर्वसाधारण धोका असलेल्या स्त्रीसाठी त्याचा हिशेब उलटा बसतो. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात गर्भाशय काढलेल्या २९,३८० स्त्रियांचा २४ वर्षे मागोवा घेतला गेला. दोन्ही अंडाशय काढलेल्यांत अंडाशयाचा आणि स्तनाचा कर्करोग कमी झाला, पण एकूण मृत्यू वाढले. रजोनिवृत्तीपूर्वी आणि विशेष धोका नसताना अंडाशय राखावेत, असे अमेरिकेतील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे अनेक गंभीर कर्करोग मुळात गर्भनलिकेत सुरू होतात असे दिसल्याने, नलिका काढून अंडाशय ठेवण्याचा मध्यममार्गही कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात २०१० पासून अवलंबला जातो. अंडाशय राखले तरी गर्भाशय काढलेल्यांत ते काही वर्षे आधी थकू शकतात, हे ध्यानात ठेवून त्यांचीही पुढे विचारपूस व्हायला हवी.

शासनाकडे माझ्या मागण्या मोजक्या आहेत. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये त्या तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. त्यानुसार जिल्हा पातळीवर होणाऱ्या नोंदीत अंडाशयांसाठी स्वतंत्र रकाना असावा : उजवा राखला की काढला, डावा राखला की काढला, काढला असल्यास कारण. संमतीपत्रात गर्भाशयाला आणि अंडाशयांना वेगवेगळी सही किंवा अंगठा असावा, आणि तो मजकूर मराठीत मोठ्याने वाचून दाखवला जावा. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजी आद्याक्षरांऐवजी ‘दोन्ही अंडाशय काढले आहेत’ किंवा ‘अंडाशय शाबूत आहेत’ असे पूर्ण वाक्य मराठीत लिहिले जावे. ते वाक्य वाचता आले नाही तरी बाई ते मुलाकडून, आशाताईकडून वाचून घेईल. ‘टीएएच’ कोणीच वाचून देऊ शकत नाही.

औषधाचा प्रश्न अवघड आहे, कारण ही माणसे एका जागी राहत नाहीत. दसरा-दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघालेली जोडपी कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि कर्नाटकातल्या फडांवर उन्हाळ्यापर्यंत असतात. गावातल्या आरोग्य केंद्रात सुरू झालेली गोळी तिसऱ्या महिन्यात संपली की संपलीच. क्षयाच्या रुग्णाचा उपचार त्याच्यामागे गाव बदलत जावा, यासाठी आपण वर्षानुवर्षे यंत्रणा घडवत आलो आहोत. तीच सवय इथे वापरता येईल : हंगामापूर्वीच्या तपासणीत गोळीची नोंद, सहा महिन्यांचा साठा, कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला कळवणे, आणि परतल्यावर रक्तदाब व इतर तपासणी.

शेवटची मागणी सर्वांत तातडीची आहे. त्या १३,८६१ जणींकडे परत जावे. त्यांची यादी कधीतरी कोणीतरी केली होती, म्हणूनच तो आकडा आहे. कार्ड असेल तर वाचावे, नसेल किंवा संदिग्ध असेल तर सोनोग्राफी आणि एफएसएच या, अंडाशय थकले की वाढणाऱ्या संप्रेरकाची रक्ततपासणी करून अंडाशय आहेत का आणि काम करतात का, हे शोधावे, आणि ज्यांचे वय अजून पंचेचाळिशीच्या आत आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी. २०१९ मध्ये तिशीत असलेली बाई आज चाळिशीकडे आली आहे किंवा ती ओलांडून गेली आहे. उंदरांतले दहा आठवडे म्हणजे माणसांतली किती वर्षे, याचे नेमके कोष्टक कोणाकडे नाही. पण ज्या अभ्यासांत उशिरा सुरुवात झाली तिथे फायदा हरवला आणि धोका वाढला, एवढे स्पष्ट आहे. काहींच्या बाबतीत कदाचित उशीर होऊनही गेला असेल. त्यांना गोळी देऊ नये, हेही तपासल्याशिवाय ठरणार नाही, आणि त्यांच्या हाडांची, हृदयाची, झोपेची व स्मरणशक्तीची विचारपूस तर तरीही करता येईल.

शिबिरात भेटलेल्या त्या बाईला मी जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफीसाठी चिठ्ठी लिहून दिली होती. चार दिवसांनी तिची गाडी भरून कारखान्याकडे निघाली आणि ती तपासणी झाली नाही. आशाताईने मला फोनवर तेवढेच कळवले. तिचे अंडाशय होते की नव्हते, हे आजही कोणालाच माहीत नाही. नव्या हंगामाच्या गाड्या सुटण्यापूर्वी निदान तपासणीच्या नमुन्यात तो एक प्रश्न छापून यावा, अशी विनंती आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
शरीरक्रियाशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका, मराठवाडा